मुक्या सेनापतीची दाढ

डेंटल लॅबमध्ये तिला सगळे अक्कलदाढ म्हणत. हे नाव मालकांनी ठेवलं होतं, कारण ती उशिरा आली आणि येताना सगळ्यांना त्रास देत आली. कामाला लागली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि बाकीचे सगळे बावीस-तेवीसचे. पहिल्याच आठवड्यात तिने मालकांना सांगून टाकलं, की तुम्ही कवळीचे पुढचे दात फार सरळ लावता. खऱ्या माणसाच्या तोंडात एक तरी दात जरा तिरका असतो. मालकांना राग आला. महिन्याभरात मात्र पुढचे दात ते तिच्याकडूनच लावून घेऊ लागले.

डॉक्टरांकडून रुग्णांच्या जबड्यांची मापं येत. ती त्यांत प्लास्टर ओतायची, साचा सुकला की त्यावर गुलाबी मेण चढवायची, मेणात एकेक दात बसवायची, बारीक सुरीने हिरड्या कोरायची. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात ती ‘नऊ दीपगृहांची गाथा’ घोळवत असे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पाय मोडून ती दीड महिना अंथरुणावर होती, तेव्हा ही कादंबरीमाला तिच्या हाती लागली. नऊ बेटं, नऊ दीपगृहं, आणि एकेक दिवा विझवत निघालेला सम्राट. आठ-आठशे पानांचे सात खंड येऊन गेले होते. आठवा, शेवटचा, यायचा होता. लेखक एका खंडाला तीन-चार वर्षं लावायचा. मधल्या काळात वाचकांना एकच उद्योग असे. शेवटी कोण मरणार, नावाडिणीचा हरवलेला भाऊ नक्की कोण, मौनी सेनापती कुणाच्या बाजूने उभा राहणार, याची अनुमानं बांधायची. इंटरनेटवर त्यावरून भांडणं होत, मैत्र्या तुटत, एक-दोन लग्नंही जुळली होती म्हणे.

ती तिथे कधी लिहीत नसे. तिच्या वह्या होत्या, एकूण अकरा. वकील जसा पुरावा मांडतो तशी ती मांडणी करायची. डावीकडे खंड, पान आणि ओळ, उजवीकडे आपलं म्हणणं. दात बघून माणसाचं वय सांगणाऱ्या बाईला वाक्य बघून माणसाचं मरण सांगणं फारसं वेगळं वाटत नव्हतं. सातव्या खंडात दोन राजकन्यांपैकी कोणती जाणार हे तिने तीन वर्षं आधी लिहून ठेवलं होतं आणि तसंच घडलं होतं. तो आनंद तिने एकटीने साजरा केला, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत दुसरा चहा घेतला.

घरात हे सगळं ऐकणारं माणूस एकच होतं, तिचा दीर. त्याला सगळे धाकटा म्हणत. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. गणितात नापास होत होता, ते तिने त्याच्याकडून करून घेतलं. पुढे त्याने दोन अभ्यासक्रम अर्ध्यात सोडले आणि तीन नोकऱ्या धरल्या नि सोडल्या. सासूबाई म्हणायच्या, त्याचं अजून ठरत नाहीये. तो सव्वीस वर्षांचा झाला तरी ठरत नव्हतं. पण ऐकायचा मनापासून. ती संध्याकाळी भाजी चिरत बसली की ओट्याला टेकून उभा राहायचा आणि मग पुढे काय, मग तुला काय वाटतं, असं विचारत राहायचा. स्वतः त्याने दोनच खंड वाचले होते. उरलेलं वहिनी सांगते की, असं म्हणायचा. तिला त्याचं काही वाटलं नाही. सांगायला माणूस मिळाल्याचं सुख मोठं होतं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या एका मुलीने फोन पुढे केला. म्हणाली, अक्कलदाढताई, हा माणूस ऐका, तुमच्यासारखाच वेडा आहे, पण हुशार आहे. चॅनेलचं नाव होतं ‘दहावा दिवा’. तिला आधी आवाज ओळखू आला आणि नंतर वाक्य. आवाज धाकट्याचा होता आणि वाक्य तिचं होतं. नावाडीण भावाला शोधत नाहीये, ती त्याच्यापासून पळते आहे, हे वाक्य तिने त्याला महिन्याभरापूर्वी कांदा चिरताना सांगितलं होतं. क्षणभर तिला अभिमानच वाटला. शेवटी आपलं नाव घेईल म्हणून तिने बारा मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण ऐकला. त्याने आपल्या ‘कित्येक रात्रींच्या अभ्यासाचे’ आभार मानले आणि व्हिडिओ संपला.

मग तिने एकेक करून सगळे व्हिडिओ ऐकले. तेवीस होते आणि तेवीसही तिचेच होते. तोंडी सांगितलेलं त्याच्या लक्षात राहिलं असेल, असं तिने आधी स्वतःला समजावलं. पण एका ठिकाणी तिने वहीत घाईने ४८१ ऐवजी ४१८ असं पान लिहिलं होतं. धाकट्याने ठणकावून सांगितलं होतं, चौथा खंड, पान चारशे अठरा. त्या पानावर फक्त नकाशा आहे. दोघातिघांनी खाली तसं लिहिलंही होतं. पण कमेंट वाचायला धाकट्याला वेळ नव्हता. ती कामावर गेली की तो तिच्या कपाटातल्या वह्यांचे फोटो काढत होता.

तिने आधी त्यालाच विचारलं. तो हसला. म्हणाला, वहिनी, विचार काय कुणाच्या बापाचे असतात? वहीत पडून कुजले असते, मी जगापुढे आणले. मग तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा एका छापखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीला होता, भला माणूस, पण घरात आवाज चढला की त्याचं पोट दुखायचं. तो म्हणाला, अगं, घरातच आहे ना सगळं, आपलेच दात नि आपलेच ओठ. शेवटी ती सासूबाईंशी बोलली. त्यांनी तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पहिल्यांदाच त्याचं काही मार्गी लागतंय, तू मोठी आहेस, आडवी येऊ नकोस.

ती आडवी आली नाही. वर्षभर गप्प बसली. वह्या मात्र लॅबमधल्या आपल्या कपाटात नेऊन ठेवल्या. धाकट्याचं अडलं नाही, त्याच्याकडे फोटो होते. त्याचे श्रोते दोन लाखांवर गेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा फणा काढून बसला होता, आणि बीळ खणणारी रोज त्याला जेवायला वाढत होती.

मग ती मुलाखत आली. कुणीतरी त्याला विचारलं, घरी वाचनाचं वातावरण आहे का? धाकटा म्हणाला, नाही हो, घरात वाचणारा मी एकटाच. मग जरा हसून म्हणाला, “आमच्या वहिनी कवळ्या बनवतात. त्यांना गोष्टीतलं काही समजत नाही, पण मी बोलत असलो की बिचाऱ्या मन लावून ऐकतात.”

हे तिने लॅबमध्ये ऐकलं. समोर एका वृद्धाचा वरचा जबडा होता, मेणात बारा दात लागलेले. तिने फोन उलटा ठेवला आणि उरलेले दोन दात लावले. ते दोन्ही इतके सरळ लागले, की मालकांनी विचारलं, आज काय झालंय. काही नाही, असं म्हणून तिने ते काढले आणि पुन्हा लावले.

चोरीचा तिला राग होता, पण तो राग संसारात मावण्यासारखा होता. हे मावणारं नव्हतं. त्याने वह्या उचलल्या होत्या आणि वर वही लिहिणारीला ऐकणारी करून टाकलं होतं. ‘बिचाऱ्या’ हा शब्द तिला घरी जाताना बसमध्ये ऐकू आला, कुकर लावताना ऐकू आला, धाकट्याने नेहमीसारखं पुढे केलेल्या ताटात पोळी वाढताना ऐकू आला. त्या दिवशी तिने त्याच्यावर दात धरला, आणि दात कसा घट्ट बसवायचा हे तिला चांगलं माहीत होतं.

आठवा खंड चार महिन्यांनी यायचा होता. त्याच्या महिनाभर आधी एका रविवारी प्रकाशकांनी वाचकांचा मोठा मेळावा ठरवला होता आणि मुख्य भाषण धाकट्याचं होतं. घरात त्याच्या नव्या कोटाची चर्चा सुरू झाली. तिने एक नवी वही विकत आणली, लाल पुठ्ठ्याची, आणि ती घरच्या कपाटात ठेवली, जिथे पूर्वी अकरा वह्या असत.

आधी तिने तीन छोटी अनुमानं लिहिली, प्रामाणिक आणि चांगली. आठवड्याभरात तिन्ही ‘दहाव्या दिव्या’वर आली. मासा गळाजवळ फिरतोय हे कळल्यावर तिने खरं काम हातात घेतलं.

मौनी सेनापती हे गाथेतलं सगळ्यांचं लाडकं पात्र होतं. पहिल्या खंडापासून तो एक शब्द बोलत नाही. लोक समजतात, की त्याने मौनाचं व्रत घेतलंय. तिने लिहिलं, की शेवटच्या खंडात सेनापती बोलणार. नवव्या दीपगृहाच्या कड्यावर सम्राट त्याच्यावर तलवार उगारेल आणि सेनापती एकच शब्द उच्चारेल, सम्राटाचं लहानपणीचं नाव. ते ऐकून सम्राट मागे सरेल आणि कड्यावरून खाली जाईल. पुरावे तिने असे जमवले, की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पहिला खंड, पान ६२, ‘त्याचं मौन हे म्यान होतं.’ तिसरा खंड, पान २९०, झोपलेल्या मुलापाशी बसून तो ओठ हलवतो. चौथा खंड, पान ५३३, पहारेकऱ्याला बंद दाराआडून गुणगुणणं ऐकू येतं. एकही ओळ खोटी नव्हती. तिने फक्त सहावा खंड गाळला होता.

सहाव्या खंडात वादळात सापडलेल्या जहाजावर सेनापतीची दाढ दुखते. जहाजावरचा म्हातारा वैद्य ती उपटायला बसतो, कंदील जवळ नेतो, तोंडात बघतो, आणि कंदील खाली ठेवतो. मग बराच वेळ सेनापतीच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहतो. एवढंच. अर्धं पान आहे ते. ‘जीभ’ हा शब्दसुद्धा लेखकाने लिहिलेला नाही. पण वाचणाऱ्याला कळतं, की हे व्रत नाही, कुणीतरी लहानपणीच ती कापलेली आहे, आणि मग मागचे पाच खंड डोळ्यांसमोर उलटे फिरू लागतात. ती स्वतः त्या पानावर इतकी रडली होती, की तेवढ्यात दारावर आलेल्या पोस्टमनने तिला कोण गेलं म्हणून विचारलं होतं. वाचकांमध्ये एक अलिखित नियम होता. हे उघड बोलायचं नाही, लिहायचं नाही. नव्या माणसाला ते त्याच पानावर कळलं पाहिजे. त्यामुळे इंटरनेटवरच्या सारांशात एवढंच सापडायचं, ‘वैद्य सेनापतीची दाढ काढतो.’ तिच्याही अकरा वह्यांत त्याचा उल्लेख नव्हता. तो प्रसंग तिने धाकट्यालाही कधी सांगितला नव्हता. तो स्वतःच वाचेल, असं तेव्हा तिला वाटायचं.

वहीच्या शेवटी तिने लिहिलं, ‘हे आजवरचं सगळ्यात मोठं अनुमान. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने प्रकाशकांना पाठवायचं. तोवर कुणालाही सांगायचं नाही.’ म्हणजे वापरायचं तर त्याला मेळाव्यातच वापरावं लागणार होतं, आधी व्हिडिओ करून सभागृहातली मजा घालवायला तो काही मूर्ख नव्हता. दोन दिवसांनी वही कपाटात पालथी पडलेली दिसली. तिने ती सरळ करून ठेवली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी धाकटा तिच्यापाशी आला. कोट शिवून आला होता, खुशीत होता. दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीचा पास त्याने तिच्या हातात ठेवला. म्हणाला, तू यायलाच हवंस, उद्या असं काही सांगणार आहे, की लोक वर्षानुवर्षं विसरणार नाहीत. बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या मनात एकदम काहीतरी हललं. चौदा वर्षांचा धाकटा, गणिताच्या पेपराला जाताना तिच्या हातून दही-साखर न घेता फक्त तिचं पेन मागून नेणारा, तिला आठवला. तिने ठरवलं, एकदा विचारायचं. खरं बोलला तर सोडून द्यायचं.

“सहावा खंड वाचलास का रे तू?”

“वाचला की,” धाकटा म्हणाला. “दोनदा.”

तिने पास पर्समध्ये ठेवला.

सभागृह दुपारी तीनलाच भरलं होतं. लोक वापरून वापरून जाड झालेले खंड छातीशी धरून आले होते. नवरा आणि सासूबाई पहिल्या रांगेत होते, ती त्यांच्या मागे, मांडीवर एक जड पिशवी घेऊन. धाकटा बोलायला उभा राहिला आणि तिला कबूल करावंच लागलं, की तो छान बोलतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्याला येत होतं. म्यानाची ओळ त्याने म्हटली. झोपलेल्या मुलाचा प्रसंग सांगितला. गुणगुणणं सांगितलं. मग दोन पावलं पुढे येऊन म्हणाला, सेनापती बोलणार आहे.

सभागृह गप्प झालं. धाकट्याला ती शांतता भारावल्याची वाटली. त्याचा चेहरा फुलला आणि तो आणखी रंगवून सांगू लागला, सेनापतीचा आवाज कसा असेल, वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजलेल्या दारासारखा. मागे कुणीतरी खुर्चीत अस्वस्थपणे हललं. एका बाईने शेजारणीकडे पाहिलं. टाळ्या वाजल्याच नाहीत. मग प्रश्नांची वेळ झाली आणि तिने हात वर केला. माइक तिच्याकडे आला.  तिचा हात लॅबमध्ये सुरी धरताना असतो तसा स्थिर होता.

तिने विचारलं, “सहाव्या खंडात वैद्य सेनापतीची दाढ काढायला बसतो. तोंडात बघितल्यावर तो कंदील खाली का ठेवतो?”

धाकटा हसला. लोकांकडे वळून म्हणाला, या माझ्या वहिनी, दातांचं काम करतात, त्यांना सगळीकडे दाढाच दिसतात. कुणी हसलं नाही. तो म्हणाला, कंदिलातलं तेल संपलं असेल. मग म्हणाला, जहाज हलत असेल. मग त्याची दातखिळी बसली. व्यासपीठावरचा सूत्रसंचालक स्वतः वाचक होता. तो मान खाली घालून आपल्या कागदांकडे बघत होता.

तिसऱ्या रांगेतून एक पांढऱ्या केसांची बाई उठली. निवृत्त बसकंडक्टर होती, हे नंतर कळलं. तिला माइकची गरज नव्हती. ती म्हणाली, “का ठेवतो ते आम्ही कुणी बोलत नाही. पण ज्याने ते पान वाचलंय तो सेनापती बोलेल असं कधी म्हणणार नाही. तुम्ही पुस्तक वाचलेलंच नाही.”

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. आता त्याला सगळं कळलं होतं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती आणि ती तिने नीट, सावकाश बघून घेतली. माइक अजून तिच्याच हातात होता. तिने सांगितलं, की हे अनुमान मी लिहिलं, चुकीचं आहे हे माहीत असून लिहिलं, आणि ते माझ्या कपाटातून उचललं गेलं. आधीची सगळी मात्र मी मनापासून मांडली होती. तारखांसकट अकरा वह्या या पिशवीत आहेत, ज्याला बघायच्या त्याने बघाव्यात. मग ती खाली बसली.

आरडाओरडा झाला नाही. लोक एकेक करून उठले आणि तिच्या खुर्चीभोवती जमले. वह्या हातोहात फिरू लागल्या. व्यासपीठावर धाकटा नव्या कोटात एकटा उभा होता, आणि त्याला खाली उतर असं सांगायलाही कुणी गेलं नाही.

घरी आल्यावर सासूबाई आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. नवऱ्याने बूटही काढले नव्हते. तो दिवाणखान्यात उभा राहून म्हणाला, “घरातली गोष्ट घरात सांगायची होतीस.”

“घरातच सांगितली होती,” ती म्हणाली. “तीन वेळा.”

 थोड्या वेळाने त्याने स्वतःच चहा टाकला आणि एक कप तिच्यापुढे ठेवला. वर्षभरापूर्वी तो एक वाक्य बोलला असता तर हे टळलं असतं, हे त्यालाही कळलं असावं. सासूबाईंनी मात्र तिच्याशी दोन महिने अबोला धरला. मीठ हवं असलं तरी त्या भिंतीला सांगायच्या.

पाचव्या दिवशी धाकटा लॅबमध्ये आला. दाढी वाढली होती. चॅनेलचे निम्मे लोक निघून गेले होते आणि प्रकाशकांनी पुढचे कार्यक्रम रद्द केले होते. ती एक कवळी घासून गुळगुळीत करत होती. यंत्र बंद न करता तिने त्याला बोलू दिलं, त्यामुळे त्याला मोठ्याने बोलावं लागलं आणि सगळ्या लॅबने ऐकलं. तो म्हणाला, वहिनी, ती घरातली गंमत होती असं एका व्हिडिओत सांग, आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं असं सांग. नाहीतर माझं सगळं संपेल.

तिने यंत्र बंद केलं. म्हणाली, गंमत नव्हती. व्हिडिओ करायचाच तर तू कर. सगळी अनुमानं एकेक वाचायची. प्रत्येकाआधी म्हणायचं, हे माझ्या वहिनीचं, अमुक तारखेचं, मी चोरलं. आणि शेवटी मुलाखतीतलं ते वाक्य म्हणायचं, आणि ते खोटं होतं असं सांगायचं.

धाकटा म्हणाला, एवढी नाचक्की करून तुला काय मिळणार. तिने कवळी उजेडात धरून बघितली.

रविवारी सकाळी त्याने घरातच कॅमेरा लावला. ती समोर खुर्ची घेऊन बसली. ‘चोरलं’ हा शब्द तो दर वेळी गिळत होता. सातव्या अनुमानापाशी तिने त्याला थांबवलं आणि पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. पुन्हा गिळला, पुन्हा थांबवलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या खेपेला सगळं स्पष्ट आलं. ‘बिचाऱ्या’ या शब्दाशी त्याचा आवाज फुटला, आणि तो भाग तिने काढू दिला नाही.

कॅमेरा बंद करून धाकट्याने विचारलं, “झालं समाधान?”

“नाही,” ती म्हणाली. ते खरं होतं. तिला वाटलं होतं, सूज उतरते तसा राग एकदम उतरेल. तो उतरला, पण खाली एक टणक गाठ राहिली. ती दाबली की अजून दुखायचं, आणि ती दाबून बघण्यात सुखही होतं. सभागृहातल्या त्या क्षणांचं चित्रीकरण कुणीतरी टाकलं होतं. धाकटा चाळीस सेकंद गप्प उभा आहे असं. जेवणाच्या सुट्टीत ती ते बघायची. लॅबमधली मुलगी एकदा म्हणाली, ताई, पुरे आता. तिने त्यानंतर फोन जरा आडोशाला धरायला सुरुवात केली.

धाकट्याने महिन्याभरात दुसऱ्या शहरात टायरच्या गोदामात नोकरी धरली आणि ती टिकवलीसुद्धा. घरी फोन करतो तेव्हा आईशी बोलतो, भावाशी बोलतो. वहिनी बरी आहे का, असं आईला विचारतो म्हणे. ती बरी आहे, असं सासूबाई सांगतात.

आठवा खंड ठरलेल्या दिवशी आला. वाचकांच्या आग्रहावरून तिने आदल्या आठवड्यात आपली सात अनुमानं पहिल्यांदाच इंटरनेटवर टाकली होती, अक्कलदाढ या नावाने. तिने तीन दिवस रजा घेतली आणि दार लावून वाचत बसली. सातांपैकी चार चुकली. सेनापती नववा दिवा पेटवणार असं तिचं म्हणणं होतं, पण तो पान ९१ वरच तापाने गेला, एका अनोळखी कोळ्याच्या झोपडीत, आणि त्याच्यापाशी कुणीही नव्हतं. तिने पुस्तक मिटलं आणि लेखकाच्या नावाने बोटं मोडली. मग उघडलं आणि ते पान पुन्हा वाचलं. बरोबर होतं ते. असंच व्हायला हवं होतं, आणि ते आपल्याला दिसलं नाही याचा तिला मनस्वी राग आला.

इंटरनेटवर लोकांनी तिची यथेच्छ थट्टा चालवली होती. कुणी लिहिलं, अक्कलदाढ किडली. कुणी लिहिलं, आता कवळी बसवा. कंडक्टरबाईंनी सगळ्यांत लांबलचक लिहिलं होतं, कुठे कुठे चूक झाली ते पानांसकट, अजिबात दयामाया न दाखवता.

तिने ते दोनदा वाचलं. मग खाली लिहिलं, ‘मान्य. चौथ्या खंडातला सेनापतीचा ताप मी विसरले. पण नावाडिणीबद्दल तुमचं चुकतंय, पान ६४० बघा,’ आणि उत्तर येईपर्यंत फोन हातातच धरून बसली.